नायिकेला ‘डावलले’ की ‘बाजूला सारले’?

प्रश्न : नात्सुकी ताकाया यांच्या ‘फ्रूट्स बास्केट’ या मांगाविषयी (जपानी चित्रकथेविषयी) लिहिताना एका क्रियापदापाशी अडलो आहे. मूळ मालिका १९९८ ते २००६ या काळात ‘हाना तो युमे’ या नियतकालिकात चालली, तिचे २३ खंड झाले आणि तोहरू होंडा ही तिची नायिका वाचकांच्या गळ्यातला ताईत झाली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रूट्स बास्केट अनदर’ या उत्तरकथेत मात्र सगळा भर सावा मितोमा या नव्या मुलीवर आहे. तोहरूचा मुलगा हाजिमे तिथे ठळकपणे वावरतो, तोहरू नाही. मी ‘नायिकेला डावलले’ असे लिहिले होते, पण एका स्नेह्यांनी ‘बाजूला सारले’ असा बदल सुचवला आहे. योग्य काय?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नाहीत. ‘सेवाज्येष्ठता डावलून बढती दिली’ किंवा ‘नियम डावलून परवानगी दिली’ असे आपण म्हणतो, तेव्हा जे मानायला हवे होते ते समोर असूनही मानले नाही, ही तक्रार त्या क्रियापदातच भरलेली असते. म्हणजे डावलण्यासाठी आधी कुणाचा तरी हक्क शिल्लक असावा लागतो. तोहरूची गोष्ट तर पूर्ण झाली होती, कारण जिच्याभोवती मूळ कथा फिरते त्या सोमा घराण्याचा शाप फिटला होता आणि त्याच घराण्यातल्या क्यो या प्रियकराबरोबर तिचे आयुष्य सुरू झाले होते. ‘बाजूला सारणे’ यात वाटेतली अडचण दूर केल्याची छटा आहे, म्हणूनच ‘मतभेद बाजूला सारून एकत्र आले’ हे वाक्य कौतुकाचे ठरते. तोहरू कुणाच्या वाटेत उभी नव्हती. ‘पडद्याआड ठेवले’ असे लिहावे.

(जाता जाता : अशा ठिकाणी हल्ली ‘वळचणीला टाकले’ असेही वाचायला मिळते. मला ते खटकते, कारण ‘सत्तेच्या वळचणीला जाणे’ म्हणजे आसऱ्याला जाणे.)

दुसरे मत : हक्क पात्राचाच असतो असे का धरावे? इतकी वर्षे जिच्यासाठी खंड विकत घेतले, तिची भेट होईल ही वाचकाची अपेक्षाही हक्कासारखीच असते, आणि ‘डावलले’ हे त्या वाचकाच्या तोंडचे क्रियापद आहे. समीक्षकाने ते वापरू नये, एवढे मान्य. मात्र ते जिथे निर्विवाद लागू पडते असे उदाहरण हवे असेल, तर रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’ची उत्तरकथा असलेली ‘याशाहिमे’ ही २०२० ते २०२२ मधली चित्रमालिका पाहावी. मूळ मांगाच्या ५६ खंडांची नायिका कागोमे तिथे इनुयाशासह काळ्या मोत्यात अडकून पडते आणि त्यांची मुलगी मोरोहा आईवडिलांवाचून वाढते. कागोमे जिवंत आहे, समर्थ आहे, कथेतल्या संकटाशी तिचा थेट संबंध आहे, तरीही बराच काळ कथा तिच्यावाचूनच चालते. हे डावलणेच.

प्रश्नकर्ता : कागोमेपुरते ‘डावलले’ पटले. पण ‘पडद्याआड’ म्हटल्याने तोहरूचे महत्त्व कमी झाले, असा अर्थ निघणार नाही ना?

उत्तर : निघेलच असे नाही. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात सीता रामाला दिसत नाही, तरी मूर्च्छित रामाला तिच्याच स्पर्शाने शुद्ध येते आणि तो अंक तिचाच होतो. तोहरूला इतके स्थान दिलेले नाही, हे खरे. म्हणून वाक्य थोडे लांबवावे : ‘तोहरूला पडद्याआड ठेवून लेखिकेने सावाची गोष्ट सांगितली आहे.’ यात हेतुपुरस्सर केलेली निवड दिसते आणि आरोप उरत नाही. आरोपच करायचा असेल, तर ‘वाचकांची अपेक्षा डावलून’ असे लिहावे, म्हणजे डावलले कुणाला हेही स्पष्ट होईल.