तिथीची पाऊणपट

"काळ ही माणसाने मोजमापासाठी केलेली सोय, श्रद्धेचा त्यात काय संबंध?" असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, आमच्या हर्णैकडे जुने लोक भरती तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हिशेब जुळतो. बाबा बोटांच्या पेरांवर हे मोजूनच होडी लोटतात, घड्याळ बघत नाहीत.

२०२३ साली अधिक श्रावण आला. मासेमारीबंदी ३१ जुलैला सरली, नारळी पौर्णिमा मात्र थेट ३० ऑगस्टला. बाबांनी महिनाभर होडी शाकारलेलीच ठेवली. घरात पैशांची ओढाताण, मी चिडलो, बरंच बोललो. जाळ्याची फाटकी वीण सांधता सांधता ते एवढंच म्हणाले, "दर्याला नारळ दिल्याबिगर कसा जाऊ रे?" त्यांच्या लेखी वेळ आपल्या मालकीची नव्हतीच, ती मागून घ्यायची होती. हे मला तेव्हा उमगलं.

पौर्णिमेला भर दुपारी, तुडुंब भरतीत त्यांनी नारळ सोडला. कमरेइतक्या पाण्यात हात जोडून किती वेळ उभे होते, मी मोजलं नाही.