मदत हवी आहे : कालवड गर्दीत उभीच राहत नाही

राम राम मंडळी. माझा पुतण्या नववीत आहे. घरच्या लाल कंधारी गाईची कालवड त्यानंच सांभाळली. यंदा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत पशुप्रदर्शनाला ती स्वतः घेऊन उतरायचं त्याच्या डोक्यात बसलंय. कालवड आदत आहे, म्हणजे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत. रंग गडद लाल, अंगावर पांढरा ठिपका कुठं नाही. जनावर चांगलं आहे, हे घरचं म्हणून सांगत नाही.

अडचण अशी की वस्तीवर ती त्याच्यामागं कासरा ढिला सोडला तरी चालते. पण परवा गावात वरातीसमोर हलगी वाजली आणि तिनं पोराला चिखलातून फरफटत नेलं. तळहात सोलले. तरी पठ्ठ्यानं कासरा सोडला नाही! माळेगावला तर माणूस, घोडे, गाढवं, उंट, सगळंच.

म्हणून विचारतो. आताच नाकात वेसण घालावी की म्होरकीवरच, म्हणजे तोंडाभोवतीच्या दोरीवरच, सवय लावावी? आवाजाची भीती कशी मोडली तुम्ही? पोरगा गोठ्यात मोबाईलवर हलगी लावतो, त्याचा उपयोग होतो का? पंचांसमोर चारी पाय सरळ ठेवून उभं करायला कसं शिकवायचं? एक जण म्हणतो अंगाला तेल चोळा, चमक येते. मला वाटतं धूळच चिकटेल, रोज खरारा करून अंग घासलं तरी पुरे.

कानात बारा आकडी बिल्ला आहे, लंपीची लस झालीय. आणखी कुठला कागद लागतो? ज्यांच्या पोरांनी जनावर उतरवलंय त्यांनी जरूर सांगा.