मदत हवी आहे: सी शार्पमधून रॅमचा प्रकार आणि रिकामे स्लॉट कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

परळच्या एका रात्रशाळेच्या कॉम्प्युटर लॅबसाठी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत विंडोजवर चालणारं छोटं ॲप लिहितोय. मशीन्स लॅमिंग्टन रोडवरून वेगवेगळ्या वर्षी असेंबल करून आणलेली, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मुलं दिवसभर काम करून येतात आणि त्यांचा अर्धा तास ब्राउझर उघडायची वाट बघण्यात जातो, ते बघवत नाही. रॅम वाढवायला पैसे मंजूर झालेत. कुठल्या मशीनला कुठली स्टिक, याची यादी ॲपने काढून द्यावी एवढंच हवंय. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. त्यामुळे प्रकार आधी नक्की कळायलाच हवा.

डब्ल्यूएमआयच्या (विंडोजमधली हार्डवेअरची माहिती देणारी सोय) विन३२_फिजिकलमेमरी या क्लासमधून कपॅसिटी आणि स्पीड नीट येतात. अडलंय ते इथे:

१. मेमरीटाइप काही मशीन्सवर २४ येतो, काहींवर सरळ ०. हे ० म्हणजे काय समजायचं?

२. ग्लोबलमेमरीस्टेटसईएक्स हे विंडोजचं फंक्शन ८ जीबीच्या मशीनवर ७.८ च्या आसपास दाखवतं. यादीत ७.८ गेलं तर हिशेब तपासणारे पहिला प्रश्न तोच विचारतील.

३. रिकामे स्लॉट किती, हे केस न उघडता कळेल का?

उत्तर:
मेमरीटाइप सोडून द्या, डीडीआर४ वर तिथे बऱ्याचदा ० च येतं. त्याच क्लासमध्ये एसएमबायोसमेमरीटाइप आहे, विंडोज १० पासून. २४ म्हणजे डीडीआर३, २६ म्हणजे डीडीआर४, ३४ म्हणजे डीडीआर५.

७.८ चुकीचं नाही. ते फंक्शन विंडोजला वापरता येणारी मेमरी सांगतं. ऑनबोर्ड ग्राफिक्ससाठी राखलेला भाग त्यात धरत नाही. बसवलेली रॅम हवी तर प्रत्येक स्टिकची कपॅसिटी बेरजेला घ्या. ती बाइट्समध्ये येते, म्हणून व्हेरिएबल यूलाँग (६४ बिटांचा पूर्णांक) ठेवा. ३२ बिटांच्या इंटमध्ये ४ जीबीची एक स्टिकसुद्धा मावत नाही.

स्लॉटसाठी विन३२_फिजिकलमेमरीॲरे मधला मेमरीडिव्हायसेस बघा. त्यातून भरलेल्या स्टिक वजा केल्या की रिकामे उरतात. पण असेंबल केलेल्या मशीनवर या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. दोनच स्लॉट असलेल्या मदरबोर्डावर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) चार सांगतो, असं होतं. विन३२_बेसबोर्ड मधून प्रॉडक्ट घ्या, बोर्डाचं मॉडेल त्यात मिळतं, आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार सर. एसएमबायोसमेमरीटाइपने ० वाली मशीन्स २६ दाखवायला लागली. एक राहिलं: बेसबोर्डचा सीरियल नंबर बऱ्याच मशीन्सवर 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असाच येतो. मग यादीत मशीन ओळखायचं कसं?

उत्तर:
बोर्ड बनवणाऱ्याने ती जागा भरलेलीच नाही, त्यामुळे तिथून काही मिळणार नाही. मशीनगाइडवरही (विंडोजने मशीनला दिलेला ओळख क्रमांक) जाऊ नका. लॅबमध्ये एकच डिस्क क्लोन करून सगळीकडे टाकली असेल तर तो सगळ्यांचा सारखाच निघू शकतो. केसवर नंबराचं स्टिकर लावा, ॲप पहिल्यांदा सुरू होताना तो नंबर टाइप करायला लावा आणि सोबत लॅन कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) साठवा.