सालिनासची ती मुलं

'पुरुष असल्याची जाणीव म्हणजे घरचं वळण, बाकी काही नाही' असं काही जण म्हणतात; मला ते विधान फार घाईचं वाटतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलगे जन्मतः मुलीसारखे दिसत. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे गर्भात बाहेरचं पुरुषी लिंग घडवणारं हार्मोन, बनवणारं एन्झाइम (रासायनिक बदल घडवणारं प्रथिन) त्यांच्यात कमी असे. मग मुलीचं नाव, फ्रॉक, सगळं रीतसर! वयात येताना मात्र टेस्टोस्टेरॉन वाढून आवाज फुटे, खांदे भरत, लिंग वाढे. गावात त्यांना 'ग्वेवेदोसेस' म्हणत. अर्थ साधारण 'बाराव्या वर्षी लिंग'. (गावकरी डॉक्टरांपेक्षा स्पष्टवक्ते.)

या मुलांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली लिहिलं की मुलगी म्हणून वाढलेल्या १८ जणांपैकी १७ जण पुढे स्वतःला पुरुष मानू लागले. इतक्या वर्षांचं वळण गेलं कुठे?

तरी सगळं श्रेय हार्मोनला द्यायला मी तयार नाही. आधीची उदाहरणं गावाला ठाऊक होती, त्यामुळे पुढच्या पोरांकडे लोक वेगळ्या नजरेने बघणारच. शिवाय तिथे पुरुषाला मोकळीकही जास्त. बदल सोयीचाही होता. आणि तो उरलेला अठरावा? शरीर तेच, गाव तेच, तरी तो स्वतःला बाईच मानत राहिला.