मदत हवी आहे: साडीच्या दुकानात काम करणाऱ्यांना किमान वेतन लागू होतं का?

नमस्कार मंडळी, आत्यासाठी विचारतोय. ती सांगलीत एका साडीच्या दुकानात काउंटरला आहे, सकाळी दहा ते रात्री नऊ, मध्ये जेवायला अर्धा तास आणि लग्नसराईत तर तोही धड मिळत नाही. हातात ८,५०० रोख. पण पगाराला ज्या रजिस्टरवर सही घेतात त्यात आकडा वेगळाच असतो, परवा तिनं गुपचूप फोटो काढून आणला तर मूळ वेतन, विशेष भत्ता सगळे रकाने व्यवस्थित भरलेले, एकूण तेरा हजारांच्या वर, आणि पुढं रेव्हेन्यू स्टॅम्पवर हिची सही.

शेठना विचारलं तर म्हणे सरकारी रेट कारखान्यांना असतो, दुकानांना नाही. मग रजिस्टर कुणाला दाखवायला रंगवता ओ? वर परत दिवाळीला बोनस देतो, साडी देतो, दोन टाइम चहा असतो, ते पण धरा म्हणे पगारात.

मला विचारायचंय की दुकानांना नक्की किती रेट आहे, सरकार वाढवतं तेव्हा तो आपोआप मिळायला पाहिजे का शेठच्या मनावर, आणि तक्रार केली तर नाव बाहेर येतं का. आत्याला भांडण नकोय, नोकरी पण टिकायला हवी. तिला या वयात दुसरीकडं कोण घेणार हा पण प्रश्न आहेच.

कामगारमित्र:
दुकानांना लागू नाही हे साफ खोटं. 'दुकाने व व्यापारी आस्थापना' हा महाराष्ट्रात वेगळा उद्योगच आहे किमान वेतनाच्या यादीत, आणि एक माणूस कामाला असला तरी लागू. सांगली महापालिका हद्द म्हणजे परिमंडळ १, म्हणजे सगळ्यात जास्त रेटचा भाग. तिथं २०१९ ला ठरलेलं नुसतं मूळ वेतन अकुशलला १०,०२१, अर्धकुशलला १०,८५६, कुशलला ११,६३२. म्हणजे आत्याचा सगळा पगार मिळून अकुशलच्या मूळ वेतनाला पण पोचत नाही, भत्ता तर लांबच. विशेष भत्ता महागाई निर्देशांकावरून वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी आणि जुलै, कामगार आयुक्त कार्यालय काढतं आणि शेठला आवडो न आवडो द्यावाच लागतो. मूळ वेतनाचा आढावा पाच वर्षांत एकदा घ्यायचा असतो, तो मात्र सरकारकडून कायम रेंगाळतो. बोनस, साडी, चहा यातलं काही धरता येत नाही. आणि महिन्याचा रेट २६ नं भागून दिवसाचा काढतात, त्यात सुट्टीचा पगार आलाच, त्यामुळं रविवार कापत असतील तर तेही चूक. जास्तीच्या तासांना दुप्पट, ते वेगळंच.

पेठेतला_दुकानदार:
एक बाजू माझी पण ऐका. भाडं, जीएसटी, त्यात गिऱ्हाईक साडी हातात घेऊन बघतं आणि मोबाइलवर मागवतं. चार पोरी ठेवल्या तर रेटनं पगार देऊन उरत नाही काही, हे खरंय.

धागाकर्ता:
दादा परवडत नसेल तर चारच्या तीन ठेवा की, पण तेरावर सही घेऊन साडेआठ हातात टेकवणं याला काय म्हणायचं?

पेठेतला_दुकानदार:
सहीचं मी पण करत नाही. ते चूकच.

वकीलताई:
त्या रजिस्टरचा फोटो जपून ठेवा. पुढच्या वेळी सही करताना शेजारी 'प्रत्यक्ष मिळाले ८,५००' असं पेननं लिहायचं, नाही लिहू दिलं तर त्या दिवशीच शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाकायचा की आज एवढे मिळाले. हजेरी, ड्युटीचे मेसेज, काउंटरवर बिलावर तिचं नाव येत असेल तर ते, सगळं पुरावा. तक्रार सहायक कामगार आयुक्त कार्यालयात. दावा नोंदणीकृत युनियनला पण लावता येतो, एकटीचं नाव पुढं करायचं नसेल तर दुकानातल्या दोघी-तिघींनी मिळून युनियनकडून जा. फरकाची रक्कम तर मिळतेच, वर दहापटीपर्यंत भरपाईचा अधिकार आहे.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई. ती म्हणते दिवाळी होऊ दे, बोनस हातात पडू दे मग बघू. तोवर मुदत जाईल का?

वकीलताई:
नाही जात. जुन्या कायद्यात सहाच महिने होते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली तिच्यात तीन वर्षं आहेत. पण दिवाळीपर्यंत रजिस्टरचा फोटो दर महिन्याला काढायला सांगा.