मोठा कटला-रोहू गळाला टिकत नाही. रिग (गळ-शिशाची जुळणी) कोणती, खाद्य कोणतं?

धायरीफाटा

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून गळ टाकायचा नाद लागलाय. पानशेत रस्त्यानं पुढे गेलं की खडकवासल्याच्या फुगवट्यावर एक जागा आहे, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून. तिथे शनिवारी संध्याकाळी बसतो.

सामान: दहा फुटी कार्प रॉड, 6000 आकाराचं बेटरनर रीळ (मासा ओढेल तसा दोर मोकळा सोडणारं), 0.35 मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोर). ऑनलाइन एक कार्प किट मागवलं. त्यात तयार हेअर रिग (आमिष गळावर न लावता बारीक दोऱ्यानं बाहेर लोंबतं ठेवायची जुळणी), 80 ग्रॅमची शिसं आणि स्ट्रॉबेरी वासाच्या 15 मिमीच्या बॉयलीची (उकडलेल्या कडक आमिष-गोळ्यांची) बरणी होती. व्हिडिओत बघितलं तसंच सगळं तळाला टाकतो. होतं काय, की बॉयली तासन्‌तास तशीच पडून राहते. कंटाळून कणकेचा गोळा लावला की चिलापी (तिलापिया मासा) दोन मिनिटांत साफ करते. अलार्म वाजतो, उचलावं तर गळ रिकामा. आणि दिवस मावळायला लागला की समोर वीसेक फुटांवर मोठमोठी तोंडं वर येऊन ‘डुबुक’ करून जातात! जीव जळतो नुसता.

रिग बदलू का? बॉयली फेकून देऊ का? आणि ती वर येणारी जनावरं नक्की कोण आहेत?

भिगवणरोड

वर येतोय तो कटला. बॉयली फेकू नका, मला द्या :) आमच्याकडे उजनी धरणात तरी कणकेला पर्याय नाही. कणीक, मेथी, हिंग. संपला विषय.

शनिवारातला तंगूस

विषय संपत नाही हो. उजनीत चिलापी इतकी माजली आहे की तुमची कणीक कोण खातंय हे तुम्हालाच ठाऊक नाही.

धायरीफाटा, तुमच्या सामानात खोट नाही. तुम्ही एका माशाची रिग दुसऱ्या माशाला लावताय, एवढंच. हेअर रिग इंग्लंडात निघाली, लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी काढलेली, सत्तरच्या दशकाचा शेवट ते ऐंशीची सुरुवात या काळात. सुरुवातीला खरोखर माणसाचा केस वापरून बघितला होता. ती ज्या माशासाठी काढली तो आपल्याकडचा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. त्याचं तोंड खाली वळतं, पुढे सोंडेसारखं निघतं, बाजूला मिशांच्या दोन जोड्या. तो तळातला गाळ चिवडत चालतो, वस्तू ओढून घेतो, चाखतो, नको असली की फुंकून टाकतो. जबड्यात दात नाहीत, दात घशात. म्हणून आमिष गळाच्या बाहेर, केसावर, म्हणजे गळाला लोंबणाऱ्या बारीक दोऱ्यावर. मासा आमिष ओढतो, मागोमाग मोकळा गळ आत जातो, फुंकताना तोच गळ खालच्या ओठात बसतो. शिसं जड आणि रिगला पक्कं असलं की टोचल्यावर मासा दचकून पळतो आणि स्वतःच्या जोरानं गळ रुतवून घेतो. तुम्ही झटका मारायची गरजच नाही, नुसता रॉड उचलायचा.

आता कटला बघा. मंडईत गेलात तर एकदा त्याचं डोकं हातात घेऊन बघा, कोळीणबाई ओरडली तरी चालेल. खालचा जबडा पुढे आलेला, तोंड आभाळाकडे उघडतं, मिशा नाहीतच. कल्ल्यांच्या आत बारीक दाट कंगवा असतो. तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. तो तळाला येऊन तुमची स्ट्रॉबेरी का उचलेल? त्याला लागतो पाण्यात पसरलेला बारीक चुऱ्याचा ढग. त्या ढगात तोंड उघडून तो पाणी आत घेत राहतो, आणि त्याबरोबर गळ आत गेला पाहिजे.

म्हणून कटल्याला तरंगती स्प्रिंग, म्हणजे फ्लोटखाली लोंबणारं, पीठ दाबायचं तारेचं वेटोळं. माझी अशी असते:

मोठा थर्माकोलचा फ्लोट, लिंबाहून थोडा मोठा, मधून तंगूस मोकळा सरकणारा. वर तंगूसवर दोऱ्याची गाठ आणि एक मणी, म्हणजे हवी तेवढी खोली धरता येते. गाठ रिळात गुंडाळली जाते, त्यामुळे पंधरा फूट खोली ठेवली तरी फेकायला अडचण नाही. खाली स्प्रिंग. स्प्रिंगपासून चार बोटांचे दोन आखूड धागे, वेणीचे मऊ, तंगूसचे नकोत. त्यांना 6 नंबरचे दोन गळ. स्प्रिंगवर पीठ दाबायचं आणि दोन्ही गळ पिठात वरच्या वर खोचायचे. पीठ सुटायला लागलं की गळही सुटून त्या ढगात लोंबतात. काही लोक सहा-सहा गळ लावतात. मला ते अजिबात पटत नाही. मासा पोटाला, डोळ्याला अडकतो, आणि बाहेर काढताना उरलेले गळ जाळ्यात आणि आपल्या बोटांत.

पीठ: शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे निम्मे. पेंड पशुखाद्याच्या दुकानात मिळते, कोंडा मुळशी-वेल्ह्याकडच्या कुठल्याही भातगिरणीत. पेंड रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करा, कोंडा मिसळा, चिकटण्यापुरता मूठभर मैदा. वासाला भाजलेल्या मेथीची पूड चिमूटभर. परीक्षा एकच: गोळा बादलीतल्या पाण्यात सोडा. पाच मिनिटांत भुरभुर सुटायला लागून पंधरा-वीस मिनिटांत स्प्रिंग उघडी पडली पाहिजे. अर्ध्या तासानंतरही गोळा शाबूत असेल तर मैदा जास्त झालाय. तो गोळा कटल्याच्या काही कामाचा नाही.

पिठापेक्षा खोली महत्त्वाची हे मी कोणालाही पटवू शकलेलो नाही. सगळे पाककृती विचारतात. वीस फूट पाण्यात आधी पाच फुटांवर लावा. अर्धा तास काही नाही, तर तीन फुटांवर. पुन्हा नाही, तर आठवर. संध्याकाळी वर तोंडं दिसतायत म्हणजे तुमच्याकडे वरचा थरच चालू आहे. थंडीत सकाळी खाली जा.

धायरीफाटा

बाप रे, धन्यवाद काका! म्हणजे हेअर रिग गुंडाळून ठेवायची?

शनिवारातला तंगूस

कशाला गुंडाळायची? तळाला रोहू, मृगळ, सायप्रिनस आहेतच. दुसरा रॉड असेल तर एक वर, एक खाली.

रोहूचे ओठ जाड, झालर असलेले. त्यांनी तो दगडावरचं शेवाळ, पाण्यातल्या काड्यांवरचं काहीबाही खरवडतो. बोटानं ओठ चाचपून बघा, गळ धरायला इतका चांगला ओठ दुसऱ्या कोणाचा नाही. कटल्याचं उलटं. त्याचं तोंड मऊ, जोर केला की फाटून सुटतो. म्हणून कटल्याला क्लच (रिळाचा ताण) ढिला आणि घाई नको.

खाली हेअर रिगला बॉयली चालते, पण गुलाबी स्ट्रॉबेरी आपल्या माशांनी कधी खाल्ली आहे? घरी करा. पेंडीची पूड दोन वाट्या, बारीक रवा एक, बेसन एक, अंडी मावतील तेवढी, पाणी अजिबात नाही. सुपारीएवढ्या गोळ्या वळा. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, मग फडक्यावर रात्रभर वाळवा. अंड्यामुळे वर कडक साल धरते, आणि त्या सालीसाठीच हा सगळा खटाटोप. चिलापी टोचून टोचून दमते, गोळी तशीच राहते. घरात अंड्याचा वास चालत नसेल तर भिजवून शिजवलेले मक्याचे टपोरे दाणे दोन-तीन केसावर ओवा. तेही चिलापीला सहज फोडता येत नाहीत.

केसाची लांबी बघा. दाणा आणि गळाचा बाक यात करंगळीच्या नखाएवढी फट हवी. किटातल्या रिगवर गोळी गळाला चिकटून बसत असेल तर गळ मोकळा फिरतच नाही. ‘अलार्म वाजतो, गळ रिकामा’ याचं निम्मं कारण तिथे सापडेल.

आणि शिसं. फुगवट्यात खाली बुडालेले बांध आहेत, दगड आहेत, झाडांचे बुंधे आहेत. शिसं मुख्य तंगूसला थेट बांधू नका. वीतभर पातळ, कच्च्या तंगूसनं लोंबतं ठेवा. अडकलं तर ते तुटेल आणि मासा तुमच्याकडे येईल. नाहीतर तंगूस वरून तुटतो आणि बिचारा मासा 80 ग्रॅमचं लोढणं घेऊन आयुष्यभर फिरतो.

मत्स्यबीज

मी मत्स्यबीज केंद्रात नोकरी केली, आता घरी असतो. वरच्या काकांनी पेंड आणि कोंडा सांगितला त्यामागचं कारण सांगतो. बोटुकली (बोटभर पिल्लं) वाढवायच्या तळ्यात आम्ही हेच घालायचो, शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, समान वजनात. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणातले हे मासे बहुतेक सोडलेल्या बीजाचे (लहान पिल्लांचे) असतात. तळ्यात वाढलेल्या पोरांना पेंडीची चव पहिल्यापासून माहीत असते.

पूर्वी हे बीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागे. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून माशांची प्रेरित वीण यशस्वी केली, तारीख 10 जुलै. म्हणून तो राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. सायप्रिनसला मात्र यातलं काही लागत नाही. तो साठलेल्या पाण्यात, पाणवनस्पतीला चिकट अंडी लावून मोकळा होतो.

एक विनंती. पहिल्या पावसात मासे ओढ्यांना चढतात, पोटात गाबोळी (अंडी) असते. तेव्हा लोक काठ्या घेऊन धावतात. तुम्ही गळवाल्यांनी तरी त्या दिवसांत हात आवरा.

भिगवणरोड

चढणीच्या माशांची गोष्ट लाखमोलाची. पण गाबोळी तळलेली खाल्ली आहे का कधी, साहेब? (गंमत करतोय, शिव्या घालू नका.)

माझा प्रश्न: पिठात देशी दारू, ताडी, अत्तर घालणारे बरेच दिसतात. फरक पडतो का?

शनिवारातला तंगूस

दारू काठावर बसणाऱ्याला चढते. आंबलेला वास माशांना चालतो हे खरं, पण त्यासाठी भिजलेली पेंड एक दिवस जास्त ठेवली की काम झालं. अत्तराबद्दल बोलतच नाही. ओंकारेश्वराखाली मुठेत गळ टाकणारा आमच्या आळीतला एक जण गुलाबाचं अत्तर पिठात घालायचा. त्याला मासे मिळायचे, कारण तो पहाटे पाचला येऊन दुपारी बारापर्यंत जागचा हलायचा नाही. श्रेय अत्तराला.

धायरीफाटा

अजून दोन शंका. परवानगीचं काय? आणि मोठा लागला तर काठावर कसा घ्यायचा? मागे एक लागला होता, काठाजवळ येऊन वळला आणि फट्‌कन तंगूस तुटला.

शनिवारातला तंगूस

धरणांवर मासेमारीचा ठेका दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. त्या भागात होडीवर जाळी लावणारी माणसं दिसतील, त्यांनाच विचारा. गोड बोललं की जागाही तेच दाखवतात, शिवाय त्यांच्या जाळ्यांवर शिसं फेकून भांडण ओढवून घेत नाही आपण. पलीकडे एनडीएची (लष्करी प्रबोधिनीची) हद्द आहे, तिकडे जायचंच नाही, कितीही चांगली जागा दिसली तरी. आणि पावसाळ्यात धरणाखाली, नदीपात्रात उतरून गळ टाकू नका. वरून पाणी सोडलं की पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो, तुम्ही काय चीज आहात.

काठाजवळ तुटतो कारण तिथे तंगूस आखूड राहतो, ताण खायला लांबी नसते, आणि मासा काठ बघून शेवटची उडी घेतो. जवळ आला की क्लच आणखी दोन टिचक्या सोडा, रॉड उंच धरा, वळला तर जाऊ द्या. तो तोंड वर करून आडवा पडेपर्यंत हातजाळ्याला हात लावू नका. जाळं पाण्यात बुडवून स्थिर धरायचं आणि मासा त्याच्यावर आणायचा. जाळं घेऊन माशाच्या मागे धावणारे सगळे मासा घालवतात. सोडणार असाल तर हात ओले करा, पोटाखाली आधार द्या, शेपटीला धरून लटकवलेले फोटो नकोत. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून ठेवला असेल तर सोडवायला क्षण लागत नाही.

आणि बेटरनर चालू ठेवल्याशिवाय रॉडपासून उठू नका. चहा प्यायला उठलेल्याचा रॉड पाण्यात जाताना मी बघितलाय, स्टँडसकट.

धायरीफाटा

या शनिवारी एक स्प्रिंग वर, एक हेअर रिग खाली. पेंड आणली, कोंडा सासुरवाडीहून येतोय. मका किती शिजवायचा? घरी कुकरवरून आत्ताच बोलणी खाल्ली आहेत.

शनिवारातला तंगूस

वाळलेला मका चोवीस तास भिजवायचाच, त्यात सूट नाही. मग जुन्या पातेल्यात, झाकण ठेवून, नखानं दाबला की दबेल पण फुटणार नाही इतपत. कुकर लागतच नाही. त्याच पाण्यात गार होऊ द्या, ते चिकट पाणी ओतू नका, खाली टाकायच्या चाऱ्यात तेच घाला. आणि चारा बेतानं: दोन-तीन मुठी सुरुवातीला, मग मासा लागला की मूठभर. बादलीभर ओतलात तर मासे जेवून घरी जातील.

भिगवणरोड

काका, तुमच्या त्या सरकत्या फ्लोटचा फोटो टाका ना. गाठ कशी मारता तेही. आमच्याकडे ती गाठ रिंगांमध्ये अडकते.

शनिवारातला तंगूस

गाठ शिवणाच्या दोऱ्याची मारा, तंगूसची नको. पाच वेढे, ओली करून आवळा, टोकं अर्धा इंच ठेवा. अगदी बुडाशी कापली की टोकं कडक राहतात आणि रिंगांत खरवडतात. फोटो नातू आला की टाकतो.