टेराहर्ट्‌झ एसटीएम: लॉक-इनवरचा सिग्नल पल्सचा की तापलेल्या टिपचा?

प्रश्न
आमच्या एसटीएममध्ये (टिप आणि पृष्ठभाग यांच्यातल्या फटीतून जाणारा टनेल करंट मोजणारा सूक्ष्मदर्शक) टिपवर टेराहर्ट्‌झ पल्स टाकतो. चांदीचा (१११) पृष्ठभाग, टंगस्टनची टिप, अतिउच्च निर्वात. लेझर १०३० नॅनोमीटर, सेकंदाला १० लाख पल्स. टेराहर्ट्‌झ लिथियम नायोबेटमधून. टेराहर्ट्‌झ बीम ५७७ हर्ट्‌झला चॉप केलाय (त्या तालात अडवत-सोडत). बायस (टिप आणि नमुन्यातलं डीसी व्होल्टेज) ०.५ व्होल्ट, सेटपॉइंट (ठरवून दिलेला डीसी करंट) १०० पिकोअँपिअर असताना लॉक-इन (चॉपरच्या तालावरचाच सिग्नल मोजणारं यंत्र) २ पिकोअँपिअर दाखवतो. सेटपॉइंट दुप्पट केला की सिग्नलही दुप्पट. मग हा पल्सनेच ढकललेला टनेल करंट धरायचा ना?

उत्तर १
एवढ्यावरून नाही. टिप जवळ गेली की पल्सचा करंट वाढतो, आणि उष्णतेचा खोटा सिग्नलही तितकाच वाढतो. टिप १ अँगस्ट्रॉम पुढे सरकली की करंट साधारण दहापट होतो, म्हणजे १ पिकोमीटरला सुमारे २.३ टक्के. १०० पिकोअँपिअरवर ते २.३ पिकोअँपिअर झाले. चॉपरच्या तालावर टिप तापून एक-दोन पिकोमीटर लांबली तरी तुमचा आकडा येतो.

फीडबॅक (करंट स्थिर राहावा म्हणून टिपची उंची बदलणारी यंत्रणा) बंद करा, उंची तीच ठेवा, प्रीॲम्पचा (टनेल करंट वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) ऑफसेट काढून बायस शून्यावर आणा. उष्णतेचा सिग्नल डीसी करंटच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो इथे नाहीसा होतो. पल्स स्वतःच टोकाशी व्होल्टेज देते, म्हणून तिचा करंट उरतो.

उत्तर २
टिप कशाने तापते तेही शोधा. बहुतेकदा लिथियम नायोबेटच्या क्रिस्टलमधून निसटलेला पंपच (१०३० नॅनोमीटरचा लेझर) असतो. बीममध्ये ५ मिलिमीटर जाडीची साधी काच धरा: टेराहर्ट्‌झ अडतो, १०३० नॅनोमीटर पार जातो. सिग्नल टिकला तर गळती नक्की. गाळायला काळं पॉलिथिलीन किंवा टेफ्लॉन वापरा. जर्मेनियमचा वेफर लावणार असाल तर बीम पसरलेली असेल तिथेच. फोकसजवळ पंप त्यात भारवाहक निर्माण करतो आणि तेच टेराहर्ट्‌झ शोषतात.

प्रश्नकर्ता
शून्य बायसला ०.३ उरला. ०.५ व्होल्टला काच लावली तरी १.६ दिसतो. म्हणजे खरा ०.३, दर पल्सला दोन इलेक्ट्रॉन?

उत्तर १
चार. लॉक-इन मूळ वारंवारतेचा आरएमएस (वर्गमध्यमूळ) दाखवतो, तो चौकोनी तरंगाच्या पूर्ण उंचीच्या ०.४५ पट असतो. म्हणजे खरा करंट ०.६७ पिकोअँपिअर, आणि तुमच्या दराला पल्समागे एक इलेक्ट्रॉन म्हणजे ०.१६. हा आकडा निव्वळ आहे: एका दिशेने गेलेले वजा उलट आलेले. प्रीॲम्पची बँडविड्थ १ किलोहर्ट्‌झच्या आसपास असेल तर ५७७ हर्ट्‌झला होणारी घटही जमेस धरा.

उत्तर ३
शून्य बायसलाच पल्सची ध्रुवता उलटवून बघा. दोन वायर-ग्रिड पोलरायझर (एकाच दिशेचं क्षेत्र जाऊ देणाऱ्या तारांच्या जाळ्या) घ्या. दुसरा टिपच्या अक्षाला धरून, स्रोताचं ध्रुवीकरण त्याच्या काटकोनात, आणि पहिला +४५ वरून −४५ अंशांवर फिरवा. क्षेत्राचं चिन्ह पालटतं, तसं करंटचंही पालटायला हवं. उष्णतेला चिन्हाशी देणंघेणं नाही. मात्र क्षेत्र निम्मं होतं आणि टनेलिंग अरेषीय असल्यामुळे करंट निम्म्याहून बराच खाली जातो, म्हणून पंपची ताकद राखून ठेवा.

इलेक्ट्रो-ऑप्टिक सॅम्पलिंगने (क्रिस्टलमध्ये लेझरने क्षेत्र मोजायची पद्धत) मोजलेला तरंग टिपखालचा समजू नका. टिप अँटेनासारखी वागते आणि कमी वारंवारता जास्त उचलते. होल्डरपासून टिप १ मिलिमीटर बाहेर असेल तर तिथून परतलेला प्रतिध्वनी ६.७ पिकोसेकंदांनी येतो. पंप-प्रोबच्या (दोन पल्समधलं अंतर बदलत मोजण्याच्या) वक्रात तिथे दिसणारा उंचवटा नमुन्याचा नसतो.